गाणें तेंच, हात निराळा

जुनें लोकप्रिय गाणें नव्यानें ध्वनिमुद्रित झालें म्हणजे घरोघरीं जो वाद माजतो तो बहुधा एकाच मुद्द्यावर माजतो : नवा गायक जुन्याच्या पासंगास तरी पुरतो काय? आजोबा म्हणतात, छे! नातू म्हणतो, कां नाहीं? आणि सूनबाईंना स्वयंपाकघरांतून दोन्ही गाणीं सारखींच ऐकूं येत असल्यामुळें त्या शहाणपणानें गप्प राहतात. या वादांत तबला वाजविणाराचें नांव निघालेलें माझ्या कानांवर आजवर आलेलें नाहीं. गंमत अशी कीं, डोळे मिटून दोन्ही मुद्रिका ऐकाव्या, तर जुनी कोणती व नवी कोणती हें गायकाचा सूर लागण्यापूर्वींच, ठेक्याच्या पहिल्या आवर्तनांत कळून चुकतें. गायकाची नक्कल करणारे गांवोगांव सांपडतात; हाताची नक्कल करणारा क्वचित् भेटतो.

हा विषय डोक्यांत येण्यास निमित्त झालें तें मात्र विलायती. आमच्या एकत्र कुटुंबांत तीन पिढ्यांचें संगीत एकाच माजघरांत नांदतें. त्यामुळें ज्या वाद्यांशीं माझा जन्मांत संबंध आला नसता त्यांचाही घोष कानांवर पडतो. इंग्लंडांतील शेफील्ड या पोलादाच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहरांत १९७७ सालीं ‘डेफ लेपर्ड’ नांवाचा एक रॉक बँड निघाला. पुढील वर्षीं त्यांत रिक ॲलन हा ड्रमर आला, तेव्हां तो अवघा पंधरा वर्षांचा होता. १९८४ च्या ३१ डिसेंबरला मोटारीच्या अपघातांत त्याचा डावा हात गेला. ज्या विद्येंत दोन हात व दोन पाय यांवांचून भागत नाहीं त्या विद्येंतून हा मनुष्य कायमचा उठला, असेंच कोणीही म्हटलें असतें. ॲलननें जें काम डावा हात करीत असे तें डाव्या पायाकडे सोंपविलें. विजेच्या वाद्यांचीं पेडलें पायांखालीं मांडून घेतलीं, आणि १९८६ च्या ऑगस्टांत डॉनिंग्टन येथील प्रचंड मेळाव्यांत तो पुन्हां वाजवावयास बसला. दुसऱ्याच वर्षीं निघालेल्या ‘हिस्टीरिया’ या त्यांच्या गीतसंचाच्या दोन कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. रॉकच्या गोंगाटाबद्दल माझें मत येथें सांगण्याचें कारण नाहीं. पण या मनुष्याच्या जिद्दीपुढें मान लववावी लागते.

पुढें २०१२ सालीं हा बँड आणि त्याच्या मुद्रिका काढणारी कंपनी यांत आंतरजालावरील विक्रीच्या मोबदल्यावरून बेबनाव झाला. मूळ मुद्रणें कंपनीच्या ताब्यांत होतीं. तेंच गाणें पुन्हां गाऊन वाजवून नवें मुद्रण करण्यास मात्र बँडला मोकळीक होती. तेव्हां त्यांनीं आपलींच दोन गाजलेलीं गाणीं, एक १९८३ सालचें व एक १९८७ सालचें, नव्यानें मुद्रित केलीं. आणि तीं अशीं कीं, ऐकणारास जुन्या-नव्यांतील फरक समजूंच नये. गाणें सुधारावयाचें नव्हतें, हुबेहूब उतरवावयाचें होतें. त्यांच्या मुख्य गायकानेंच या मुद्रिकांस थट्टेनें बनावट दस्तऐवज म्हटलें. आतां वाचकांनीं विचार करावा. १९८३ चें गाणें निघालें तेव्हां ॲलनला दोन हात होते. २०१२ मध्यें त्याच गाण्याचा तोच घोष पुन्हां उभा करावयाचा होता, आणि बँडमधील ड्रमर तर एका हाताचा. आपण ऐकतों तो हात कोणाचा म्हणावयाचा? २०१८ च्या जानेवारींत समेट होऊन मूळ गाणीं आंतरजालावर आलीं, आणि व्यवहारापुरता तो प्रश्न मिटला. माझ्या मनांत मात्र तो राहिला. कारण आपल्या संगीतांत हाच प्रश्न शंभर वर्षें पडून आहे व त्याकडे कोणीं फारसें पाहिलेलें नाहीं.

नाट्यसंगीताचेंच पाहा. बालगंधर्वांचीं पदें आपल्या घरांत ज्या श्रद्धेनें ऐकलीं जातात ती श्रद्धा स्तोत्रांच्याही वांट्यास क्वचित् येते. नारायणराव राजहंस (१८८८-१९६७) यांचें मुद्रण कर्ण्याच्या काळांत सुरू झालें आणि विजेच्या काळांतही चालू राहिलें. पुढें हींच पदें कुमार गंधर्वांनीं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमांत व मुद्रिकेंत आपल्या बुद्धीनें पुन्हां मांडलीं. आणि २०११ सालीं ‘बालगंधर्व’ हा चित्रपट निघाला त्यांत आनंद भाटे यांनीं तीं नव्यानें गायिलीं. एवढ्या प्रवासांत सुरांची चर्चा रग्गड झाली. ठेका कोठून कोठें गेला?

त्यासाठीं कर्ण्याचा काळ म्हणजे काय हें थोडें समजून घेतलें पाहिजे. कलकत्त्यास १९०२ सालीं गौहर जानचें गाणें मुद्रित झालें तेव्हां विजेचा ध्वनिग्राहक मुद्रणाच्या कामांत आलेला नव्हता. गायकानें एका पत्र्याच्या कर्ण्यांत तोंड घालून जोरानें गावयाचें. त्या जोरानें टोंकाशीं असलेला पडदा हलावयाचा, पडद्यानें सुई हलवावयाची आणि सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ ओढावयाची. या कर्ण्याला साधारणतः सेकंदास अडीचशें ते अडीच हजार कंपनें असलेलेच आवाज धड पकडतां येत. गायकाच्या आवाजाचें त्यांत बरेंचसें भागे. परंतु डग्ग्याची घुमार सेकंदास शंभर कंपनांच्या आसपासची. ती या चाळणींतून सरळ खालीं गळून जाई. उरे ती उजव्या तबल्याच्या चाटेवरची टकटक. जुन्या तबकड्यांवर तबला ऐकतांना कोणी लांब खोलींत पाटावर बोटें वाजवितो आहे असा जो भास होतो, त्यांत तबलजीचा दोष तिळभर नाहीं. त्याचा अर्धा हात यंत्रानें कापून घेतलेला असे.

आणि नांव? त्या काळीं गाणें संपतांच गायिका स्वतःचें नांव मोठ्यानें पुकारी. गौहर जाननें इंग्रजींतून पुकारलेलें नांव आजही ऐकावयास मिळतें. कारण व्यवहाराचें होतें. मेणाच्या तबकड्या समुद्रापार जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवून तेथें त्यांच्या प्रती निघत. हिंदुस्थानांत कलकत्त्यास कारखाना निघाला तो १९०८ सालीं. परदेशांतील कामगारास चिठ्ठीवर काय छापावयाचें तें कळावें म्हणून ही आरोळी. गायकास तोंड असतें, तो आरोळी देऊं शकतो. तबलजीनें काय करावें? एक तिरकिट अधिक वाजवून त्यानें आपली सही केली असेल तर ती वाचणारा चिठ्ठीछापू हॅनोव्हरास नव्हता. पुढें आरोळीची चाल गेली. चिठ्ठीवरील रकाने मात्र तेच राहिले : गायक, नाटक, पदाचे पहिले शब्द, फार तर राग.

अशा परिस्थितींत गंधर्व नाटक मंडळींत अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलानवाज येऊन बसला होता, हें ध्यानांत घ्यावें. १८९२ च्या सुमाराचा जन्म, गांव मुरादाबाद, विद्या मुंबईस मुनीरखांसाहेबांजवळ. बोटें तबल्यावर थिरकतात म्हणून थिरकवा हें नांव पडलें, आणि तेंच पुढें खऱ्या नांवाहून मोठें झालें. १९१३ सालीं निघालेल्या या मंडळींत सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे आणि तबल्यावर थिरकवा असा मेळ कांहीं वर्षें जमला होता. ज्यानें स्वतंत्र वादनांत दोन तास सभा खिळवून ठेवावी त्यानें रंगभूमीच्या पुढ्यांत बसून त्रिताल-धुमाळीचे साधे ठेके धरावे, आणि तेंही नायिकेच्या पदास, हें त्या वेळच्या कित्येक जाणत्यांस चमत्कारिक वाटलें असेल. मला तें त्यांच्या मोठेपणाचें लक्षण वाटतें. कारण बालगंधर्वांची लय ही सरळ चालीची लय नव्हे. ठेका आपल्या जागीं, आणि गायक त्याच्या किंचित् मागें रेंगाळतो आहे, एखादा शब्द हातांतून सोडवतच नाहीं म्हणून. मग एकदम समेवर असा उतरतो कीं सम त्याचीच वाट पाहत होती. येथें तबलजीनें घाई केली तर पदाचा जीव जातो, आणि रेंगाळणाऱ्याबरोबर स्वतःही रेंगाळला तर ताल बसतो. ठाम राहून वाट पाहणें, हें त्याचें काम. ‘स्वयंवर’ नाटकांतील (१९१६) यमनांतलें ‘नाथ हा माझा’ ज्यांनीं मन लावून ऐकलें असेल त्यांस मी काय म्हणतों तें अधिक सांगावयास नको.

१९२५ च्या सुमारास विजेचें मुद्रण निघालें व कांहीं वर्षांतच इकडेही आलें. तेव्हां डग्ग्यास प्रथम तोंड फुटलें असें म्हणावयास हरकत नाहीं. तबल्याचा आवाज नुसता ठोका नसून स्वर आहे, ही गोष्ट त्यानंतरच तबकडीवर सिद्ध झाली.

हा स्वर कोठून येतो याचा उलगडा मात्र त्यापूर्वींच आपल्याच एका शास्त्रज्ञानें केला होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह १९२० सालीं, आणि पुढें १९३४ सालीं अधिक विस्तारानें, मृदंग व तबला यांच्या पुडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधें ताणलेलें गोल कातडें वाजविलें तर त्याच्या निरनिराळ्या कंपनांचा परस्परांशीं मेळ बसत नाहीं; म्हणून विलायती ढोलाचा धडाका होतो, सूर होत नाहीं. आपल्या पुडीच्या मध्यावर शाई चढविलेली असते. लोखंडाचा कीस व खळ यांचे थरावर थर देऊन घोटलेली ती काळी टिकली कातडें मध्यें नेमकें इतकें जड करते कीं विस्कळित कंपनें ओळीनें उभीं राहतात, आणि तारेच्या वाद्यासारखी पहिल्या पांच स्वरांशांची शिडी तयार होते. ज्या कारागिरानें हें प्रथम साधलें त्याला गणित येत नव्हतें, कान होता.

तो कान किती जुना असावा! भरताच्या नाट्यशास्त्रांत पुष्कर वाद्याच्या उत्पत्तीची कथा आहे. अनध्यायाच्या दिवशीं स्वाति नांवाचा ऋषि पाणी आणावयास सरोवरावर गेला असतां इंद्रानें पाऊस धाडला. लहान, मध्यम व मोठ्या अशा कमळपत्रांवर थेंब पडून जे निरनिराळे नाद झाले ते मनांत धरून तो आश्रमांत परतला, आणि विश्वकर्म्याच्या साह्यानें त्यानें वाद्यें घडविलीं. शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरास या कथेंतील अनध्यायाचा उल्लेख विशेष आवडतो. सुटीच्या दिवशीं पोरें तळ्यावर जातात तीं वायां जात नाहींत. त्याच ग्रंथांत पुडीवर नदीकांठची काळी माती लिंपून सूर जुळविण्याचेंही विधान आहे. म्हणजे शाईची कल्पना बीजरूपानें तेथें आहेच. आमच्या केळापुरास जगदंबेच्या आरतीचा नगारा सुरू झाला म्हणजे, आणि दिवाळीच्या दिवसांत या बाजूच्या गोंड-कोलामांच्या दंडारींचे ढोल घुमूं लागले म्हणजे, चामड्यांतून किती तऱ्हेचें बोलणें निघतें तें येथें शहरच्या सभागृहांपेक्षां अधिक चांगलें कळतें. असो.

सांगावयाचें हें कीं, रॉकच्या ड्रमचा एक ठोका यंत्रांत साठवून, पाहिजे तेव्हां पाहिजे तेथें पुन्हां ठेवतां येतो, आणि ऐकणाराची फारशी तक्रार नसते. कारण तेथें आघाताचें वजन महत्त्वाचें. म्हणूनच २०१२ सालीं १९८३ चा घोष पुन्हां उभा करण्याची उमेद धरतां आली. तबल्याचें तसें नाहीं. तो गायकाच्या षड्जांत मिळविलेला असतो, डग्ग्यावर मनगट सरकतें तशी त्याची घुमार वर-खालीं होते, आणि एका गाण्यांतले दोन ‘धा’ कधीं सारखे नसतात. विजेच्या तालपेटींतून रियाजापुरता ठेका मिळतो, तो उपयोगीही आहे. पण तिच्याबरोबर अर्धा तास गाऊन पाहावें. शेवटीं असें वाटतें कीं आपण कोणाशीं तरी बोलतों आहों आणि तो नुसता हुंकार देतो आहे.

आतां नव्या मुद्रणांकडे. ‘बालगंधर्व’ चित्रपटांतील पदें मला आवडलीं, आणि भाटे यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच झाला. ठेक्याचा आवाज त्यांत स्वच्छ, गोल व जवळचा आहे. कदाचित् जरा अधिकच जवळचा. वादकाच्या मांडीशीं कान लावून बसल्यासारखा. नाटकगृहांत ठेका तसा कधींच ऐकूं येत नसे. तो चार हात लांबून, सारंगी-ऑर्गनमध्यें मिसळून येई. ‘कट्यार काळजांत घुसली’चें उदाहरण याहून बोलकें आहे. मूळ नाटक १९६७ सालचें, लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें, आणि खांसाहेबांच्या भूमिकेंत वसंतराव देशपांडे. वसंतराव आमच्या वऱ्हाडांतल्या मूर्तिजापूरचे, हें सांगण्याचा मोह आंवरत नाहीं. ते स्वतः तबला उत्तम जाणत, आणि तें त्यांच्या गाण्यांत कळतें : समेशीं लपंडाव खेळावा तर त्यांनीं, कारण ती कोठें दडली आहे तें त्यांच्या बोटांनाच ठाऊक असे. २०१५ सालीं चित्रपट निघाला. शंकर-एहसान-लॉय यांनीं जुनीं पदें नव्यानें उभीं केलीं व नवींही रचलीं. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे त्यांत गायिले. नव्या पिढीनें तीं डोक्यावर घेतलीं, आमच्या घरांतल्या मुलांना तीं तोंडपाठ आहेत, आणि त्याचा मला आनंदच आहे. परंतु माझ्या कानांस तेथें ठेका प्रशस्त दिवाणखान्यांत मांडलेल्या उंची सामानासारखा वाटतो. भोंवतीं इतर वाद्यांचा एवढा थाट आहे कीं तबल्यानें गायकास अडवावें, हंसावें, पुढें जाऊं द्यावें, याला जागा थोडी उरते.

यांत वादकांचा दोष आहे असें मी मुळींच म्हणत नाहीं. आजकाल मुद्रणगृहांत पुष्कळदां प्रत्येकास वेगळ्या वेळीं बोलावतात. कानांत यंत्राची टकटक चालू असते, आणि तिच्या बरहुकूम ज्यानें त्यानें आपापला भाग वाजवून जावें. गायक कदाचित् दुसऱ्या दिवशीं येतो. ठाम राहून वाट पाहणें म्हणून जें मीं वर म्हटलें तें अशा ठिकाणीं शक्य तरी कसें व्हावें? ज्याची वाट पाहावयाची तो खोलींतच नाहीं! मला विचाराल तर जुन्या पदांच्या नव्या मुद्रणांचा खरा तोटा येथें आहे. आवाजाचा साफपणा वाढला आणि संभाषण तुटलें.

उलट एक मौज आपल्या घरांतली. नव्या मुद्रिकेंत डग्ग्याची एवढी गंभीर घुमार भरलेली असते, आणि आपण ती ऐकतों कशावर? मोबाईलच्या नखाएवढ्या कर्ण्यावर. त्याला शंभर कंपनांचा आवाज झेपत नाहीं, तो तो गाळून टाकतो. १९०२ च्या पत्र्याच्या कर्ण्यानें जें मुद्रण करतांना केलें तेंच हा आतां ऐकवितांना करतो, आणि तबलजीचा डावा हात पुन्हां एकदां नाहींसा होतो.

वृद्ध वादकाच्या हाताविषयीं एक गैरसमज रूढ आहे तोही येथें सांगितला पाहिजे. वय झालें कीं हात संपला, असें लोक मानतात. थिरकवा खांसाहेब गंधर्व मंडळींतून निघाल्यावर रामपूरच्या दरबारांत होते, पुढें लखनौच्या भातखंडे विद्यालयांत शिकवूं लागले, १९७० सालीं पद्मभूषण झाले आणि १३ जानेवारी १९७६ रोजीं लखनौस वारले. तरुणपणीं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर त्यांनीं स्वतंत्र तबला वाजविला, आणि उतारवयांत लांब तबकडीवर. जुने कायदे, जुनें घराणें, तेच हात. मध्यें एक आयुष्य गेलेलें. दोन्ही एकापाठोपाठ ऐकण्यासारख्या आहेत. पहिल्यांत वेग असा कीं ‘धिरधिर’ची अक्षरें मोजतां येऊं नयेत, घड्याळाशीं शर्यत होतीच. दुसऱ्यांत वेग कमी आहे हें उघड आहे. परंतु प्रत्येक अक्षर लख्ख उमटतें, दोन अक्षरांमधली जागा दिसते, आणि डग्गा जें बोलतो तें पहिल्या तबकडीच्या सुईला ऐकूंच आलेलें नव्हतें. तेथें तरुण हाताची नक्कल करण्याची केविलवाणी धडपड नाहीं. शेफील्डच्या त्या बँडवर तशी पाळी व्यवहारानें आणली. खांसाहेबांवर ती आली नाहीं, हें आपलें भाग्य. त्यांची विद्या निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे अशा शिष्यांच्या हातांत उतरून महाराष्ट्रांत राहिली.

राहतां राहिला नांवाचा प्रश्न. योगायोग असा कीं, ज्या २०१२ सालीं तिकडे तो बँड आपल्याच गाण्यांच्या नकला करीत होता, त्याच सालीं आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची मोठी दुरुस्ती झाली. कवि व संगीतकार यांचा मोबदल्यांतील वांटा तिनें पक्का केला, आणि प्रयोग करणाऱ्या कलावंतास आपलें नांव जाहीर व्हावें असा नैतिक हक्क दिला. पण त्याच दुरुस्तींत एक पोटवाक्य आहे : चित्रपटांत ज्याचें काम किरकोळ अथवा प्रासंगिक स्वरूपाचें असून धंद्याच्या रिवाजाप्रमाणें ज्याचें नांव कोठेंही देत नाहींत, त्यास हा नांवाचा हक्क लागू नाहीं, आपल्या कामाची विटंबना झाल्यास दाद मागण्यापुरतेंच त्याला कलावंत मानावयाचें. रिवाजच नांव न देण्याचा असेल तर? ज्याचें नांव आजवर छापलें नाहीं त्याचें न छापणें कायदेशीर, असाच याचा अर्थ कोणी करूं शकेल. न्यायशास्त्रांत याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष समजतात.

समुद्रापलीकडच्या चिठ्ठीछापूची अडचण मी समजूं शकतों. तबकडीच्या पोटावर जागा ती केवढी! आज मुद्रिकेला पोटही नाहीं, कागदही नाहीं, जागेचा तोटा नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर गायकाचें, संगीतकाराचें, कंपनीचें नांव येतें, गाण्याचे सगळे शब्द येतात, गायकाचें हंसरें चित्र येतें. ठेका धरणाराचें नांव तेवढें शोधूनही बहुधा हातीं लागत नाहीं. ज्या घरांत नव्या मुद्रिका विकत घेण्याइतकी ऐपत व आवड आहे त्यांनीं कंपन्यांस पत्रें घालून हें विचारावें, असें मला वाटतें. पत्र लिहिण्याची विद्या आपल्या वर्गांत अजून अगदींच लोपलेली नाहीं.

या सदराच्या वाचक-भगिनींपैकीं कांहींजणी मुलांना नाट्यसंगीत कोठून ऐकवावें असें वरचेवर विचारतात. यमनांतल्या त्या पदाची बालगंधर्वांची मुद्रिका प्रथम लावावी. खरखर होईल, तिचा कंटाळा करूं नये. मग कुमारांची, आणि शेवटीं चित्रपटांतली पदें. मोबाईल मोठ्या कर्ण्यास जोडावा, निदान तांब्याच्या रिकाम्या घागरीच्या तोंडाशीं तरी ठेवावा. डग्गा अगदींच मुका राहणार नाहीं. मुलांस सांगावें कीं शब्दांकडे लक्ष देऊं नका, सम येईल तेव्हां पाटावर एक बोट आपटा. बालगंधर्वांच्या मुद्रिकेला तीं पहिल्या दोन खेपा चुकतात. तिसऱ्या खेपेस घरांतलें सगळ्यांत लहान पोर बरोबर आपटतें. तेव्हां मोठ्यांनीं बोलूं नये.